बर्गे काढता येतात म्हणून बंधारा टिकतो : बदलात न मोडणाऱ्या सवयी कशा लावायच्या?

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दिवसाची सुरुवात एका प्रश्नानं होते, "पाणी किती फुटांवर गेलं?"

त्याचं उत्तर येतं कसबा बावड्यातून. पंचगंगेची पातळी इथल्या राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. बावडा-शिये रस्ता पाण्याखाली गेला. पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असूनही शहरातले नळ कोरडे पडले. त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा ५६ फुटांवर पोहोचली. दोन वर्षांच्या आत तीन वेळा रोजचं आयुष्य थांबलं.

अशा वेळी घर, शेती, जनावरं, दुकान यांच्या नुकसानीचे पंचनामे होतात. दिनक्रमाचा पंचनामा मात्र कुणी करत नाही. पहाटेचं फिरणं बंद पडतं, बीपीची गोळी चुकते, मुलांचा अभ्यास सुटतो, खर्चाची वही कोरी राहते. पूर ओसरतो, रस्ते सुरू होतात, पण सुटलेल्या सवयी कित्येकदा परत येत नाहीत.

असं का होतं? आणि बदल आला तरी टिकतील अशा सवयी लावता येतात का?

सवय मनात कमी, जागेत जास्त

सवय म्हणजे मनाचा निश्चय, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सवय एखाद्या खुणेला बांधलेली असते. सकाळी चहा झाला की चप्पल घालून बाहेर पडायचं, जेवण झालं की फळीवरची डबी उघडून गोळी घ्यायची. चहा, चप्पल, फळी, डबी या सगळ्या खुणा. खूण दिसली की हातून काम होतं, विचार करावा लागत नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वर्तमानपत्र वाचन आणि टीव्ही पाहणं या सवयींचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. नव्या ठिकाणी आजूबाजूची परिस्थिती पूर्वीसारखीच राहिली, तिथं सवय टिकली. परिस्थिती बदलली, तिथं ती आपोआप होईनाशी झाली.

पुरात नेमकं हेच होतं. माणूस नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात जातो. तिथं ती फळी नसते, तो रस्ता नसतो, चहाची वेळही आपल्या हातात नसते. म्हणून फिरणं किंवा गोळी सुटली, तर तो आळशीपणा नसतो. सवयीला आठवण करून देणाऱ्या खुणाच पाण्याखाली गेलेल्या असतात.

एकाच वेळेचा हट्ट महागात पडतो

"रोज ठरलेल्या वेळीच करा, म्हणजे सवय लागेल," हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेत गूगलच्या अडीच हजारांवर कर्मचाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना स्वतः ठरवलेल्या वेळेतच व्यायाम केल्यावर पैसे मिळत होते, तर काहींना दिवसात कधीही केला तरी मिळत होते.

पैसे बंद झाल्यावरही जास्त व्यायाम चालू राहिला तो दुसऱ्या गटाचा. ठरलेल्या वेळेच्या गटातली माणसं ती वेळ साधली तर व्यायाम करत. वेळ हुकली की त्या दिवशी व्यायामच होत नसे. दुसऱ्या गटाला "सकाळी नाही जमलं, संध्याकाळी करू" याची सवय झाली होती.

म्हणजे ठरलेली वेळ हवीच, पण ती चुकली तर काय करायचं, हेही ठरलेलं हवं.

बर्गे आणि खांब

ही गोष्ट समजून घ्यायला बावडेकरांना लांब जायला नको. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे याच तत्त्वावर चालतात. त्यांचे खांब पक्के असतात, तर खांबांमधले बर्गे काढता-घालता येतात. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढतात आणि पुराचं पाणी खांबांमधून निघून जातं. पावसाळा संपला की बर्गे पुन्हा बसवून पाणी अडवतात. ऐन पुरातही बर्गे तसेच ठेवले, तर पाण्याचा सगळा जोर बंधाऱ्यावर येईल.

सवयीचेही असे दोन भाग करता येतात. ती कशासाठी आहे, हा खांब. ती कुठं, केव्हा, किती वेळ करायची, हे बर्गे. "रोज शरीर हलवायचं" हा खांब झाला. "पहाटे साडेपाचला नदीकाठी चाळीस मिनिटं चालायचं" हे बर्गे. अनेकांच्या मनात हे दोन्ही एकच होऊन बसतात. मग नदीकाठचा रस्ता बंद झाला की व्यायामच बंद झाला, असं वाटतं.

म्हणून आपल्या दोन-तीन महत्त्वाच्या सवयी कागदावर लिहून प्रत्येकीपुढे विचारायचं, यातलं काय सुटलं तरी चालेल आणि काय सुटता कामा नये?

घरासाठीही ३९ आणि ४३

इशारा पातळीचा उपयोग असा, की पाणी दारात यायच्या आधी पुढची पावलं ठरलेली असतात. घराच्या दिनक्रमालाही अशा तीन पातळ्या लावता येतात. पहिली नेहमीची. दुसरी इशाऱ्याची, म्हणजे गडबड सुरू झाली आहे पण घर हातात आहे. तिसरी धोक्याची, म्हणजे घर सोडावं लागलं आहे किंवा हातात वेळच नाही. उदाहरणार्थ :

- व्यायाम : नेहमी ४० मिनिटं चालणं. इशाऱ्याला घरातच १५ मिनिटं. धोक्याला, असू तिथं ५ मिनिटं हातपाय मोकळे करणं.
- औषधं : नेहमी फळीवरच्या डबीत. इशाऱ्याला आठ-दहा दिवसांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत. धोक्याला ती पिशवी कायम जवळ.
- मुलांचा अभ्यास : नेहमी तासभर. इशाऱ्याला एकच विषय. धोक्याला एखादी गोष्ट मोठ्यानं वाचणं किंवा पाढे म्हणणं.
- खर्चाची नोंद : नेहमी वहीत. इशाऱ्याला मोबाइलवर. धोक्याला फक्त पावत्या एका पाकिटात.

धोक्याच्या पातळीचं काम इतकं लहान असावं, की दमलेल्या माणसालाही ते जमावं. पाच मिनिटांनी शरीर कमावलं जाणार नाही, पण धागा तुटत नाही. "मी रोज व्यायाम करणारा माणूस आहे" ही ओळख टिकून राहते.

हे फक्त पुरापुरतं नाही. बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण, नोकरीतली शिफ्ट, मुलांची परीक्षा, प्रत्येक घराची आपापली ४३ फुटांची पातळी असते.

राधानगरीचे दरवाजे कुणाला विचारत नाहीत

योजना कागदावर असली तरी गडबडीत ती आठवेल का? इथं राधानगरी धरणाचं उदाहरण कामी येतं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. ऐन वेळी कुणी निर्णय घ्यावा लागत नाही.

सवयींच्या बाबतीत हे काम "जर-तर" वाक्य करतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठं बसून लिहिणार, हे आधीच ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. नुसतं "लिहीन" म्हणणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होतं.

म्हणून "पावसाळ्यात औषधं सांभाळू" असं मोघम ठरवण्यापेक्षा "पाणी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली, तर त्याच दिवशी औषधांची पिशवी भरायची" असं ठरवावं. "जर घर सोडावं लागलं, तर गोळी रात्रीच्या पहिल्या घासाआधी हातात घ्यायची." खूण अशी निवडावी की ती कुठंही सापडेल. फळी बरोबर नेता येत नाही, पण जेवण, दात घासणं, अंथरूण घालणं या गोष्टी जिथं जाऊ तिथं असतात.

गोळीची वेळ मात्र मनानं बदलू नये. मधुमेह, रक्तदाब, फिट्स यांच्या औषधांबाबत "वेळ चुकली तर काय करायचं" हे पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावं.

पाणी उतरल्यावर

खरी कसोटी पूर ओसरल्यावर लागते. घरात गाळ, अंगात थकवा, आणि मनात "आता सगळंच नव्यानं सुरू करायचं" हे दडपण. अशा वेळी एक संशोधन धीर देणारं आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचे १८ दिवसांत भागले, तर काहींना २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. महत्त्वाची बाब म्हणजे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही.

म्हणून परतताना एका वेळी एकच सवय उचलावी, तीही छोट्या मापात. आधी औषधं आणि झोप, मग व्यायाम, मग बाकीचं. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्याचे बर्गेही एकेक करूनच बसवतात.

जे सवयीच्या हाती नाही

ज्याचं घर पडलं किंवा जनावर वाहून गेलं, त्याला "सवयी लवचीक ठेवा" असं सांगणं हा उपाय नव्हे. त्याला नुकसानभरपाई हवी, निवारा हवा, माणसं हवीत. काही आठवडे उलटूनही झोप येत नसेल, पावसाच्या आवाजानं धडकी भरत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मोफत आणि चोवीस तास सुरू असतो.

बाकीच्यांसाठी मात्र येत्या मृगाआधी एक संध्याकाळ पुरेशी आहे. दोन-तीन सवयी, प्रत्येकीच्या तीन पातळ्या आणि दोन "जर-तर" वाक्यं, एवढं लिहून तो कागद औषधांच्या पिशवीतच ठेवावा. पंचगंगा यंदा किती फुटांवर जाईल हे कुणाच्या हातात नाही. त्या दिवशी घरात काय करायचं, हे मात्र आजच ठरवता येतं.