नकाराला किंमत असेल, तरच संमती

सोलापूर शहरातील एक भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो. हा इंग्रजी शब्द इतका रुळला आहे, की त्यामागचा इतिहास सहसा कोणी विचारत नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात या लोकांना कोंडून ठेवणाऱ्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक प्रमुख. भोवती तारेचे कुंपण, नेमाने हजेरी आणि परवान्याशिवाय बाहेर पडण्यास मनाई, असे तेथील जीवन होते. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचे शहर होते आणि वसाहतीतील स्त्री-पुरुषांना या गिरण्यांत कामाला पाठविले जाई. सरकारला बंदोबस्त मिळाला, उद्योगाला मजूर मिळाले. ज्यांचे अवघे जगणे बदलले, त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या.

उद्योग, खाणी, धरणे आणि रस्ते यांची गरज कोणी नाकारत नाही. प्रश्न असा आहे, की ज्या समूहांचे जगणे पिढ्यान् पिढ्या एखाद्या भूमीशी बांधलेले आहे, त्यांना त्या भूमीबाबत विचारायचे की केवळ कळवायचे? आणि विचारल्यावर त्यांनी ‘नाही’ म्हटले, तर त्या ‘नाही’चे पुढे काय होते?

सुनावणी, सल्ला आणि संमती

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी समूहांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. बाजूने १४४ देशांनी मते दिली. त्यांत भारतही होता. विरोधात मत देणारे देश चार होते : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे या चारही देशांनी आपली भूमिका बदलली. मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हे या जाहीरनाम्यातील मध्यवर्ती तत्त्व आहे. दडपणाविना दिलेली ती मुक्त, काम सुरू होण्याआधी घेतलेली ती पूर्व आणि परिणाम समजून दिलेली ती माहितीपूर्ण. यांपैकी एकही अट सुटली, तर उरते ती केवळ सही किंवा अंगठा.

आपल्याकडील चर्चेत तीन निराळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. पहिली गोष्ट जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी ती घ्यावी लागते. तीत लोकांची मते नोंदवली जातात. मात्र बहुसंख्य विरोधात बोलले म्हणून प्रकल्प थांबत नाही. दुसरी गोष्ट सल्लामसलत. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा योग्य स्तरावरील पंचायतीचा सल्ला घेणे आवश्यक आहे. पण सल्ला मानण्याचे बंधन तेथे स्पष्ट नाही. तिसरी गोष्ट संमती. नकार दिल्यास पुढचे पाऊल अडते, तिलाच संमती म्हणता येते.

‘पेसा’त एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. वाळू, मुरूम, दगड यांसारख्या गौण खनिजांच्या परवान्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक आहे. लोहखनिज मात्र प्रमुख खनिज असल्यामुळे त्याला ही तरतूद लागू होत नाही. मुरमाच्या खाणीला विचारावे लागते, लोखंडाच्या डोंगराला नाही.

सुरजागडचा डोंगर

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. परिसरातील माडिया गोंड समाजाचे दैवत ठाकूरदेव येथेच आहे आणि दर वर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला येथील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मिळाला. वनहक्क कायदा अमलात आला तो ३१ डिसेंबर २००७ रोजी. म्हणजे जंगलावरील हक्क कायद्याने मान्य होण्याआधीच त्याच जंगलातील खाणीचा निर्णय झालेला होता. पुढे वनजमीन वळती करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक असल्याचे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. सुरजागडमध्ये संमतीचा प्रश्न उपस्थित झाला, तो असा निर्णयानंतर.

मधल्या काळात या परिसराने हिंसाचार पाहिला. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याची हत्या केली, डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहून नेणारी अनेक वाहने जाळली. बंदोबस्त वाढला. बंदूक कोणाच्याही हाती असो, तिच्या छायेत दिलेला होकार आणि दिलेला नकार दोन्ही संशयास्पद ठरतात. खाणीला विरोध करणारा ग्रामस्थ नक्षलवाद्यांचा हस्तक ठरण्याची आणि पाठिंबा देणारा खबऱ्या ठरण्याची भीती असेल, तर ‘मुक्त’ हा शब्द कागदावरच राहतो.

२०२१ मध्ये उत्खननाने पुन्हा वेग घेतला. वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला आणि त्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीत, जिल्ह्याच्या मुख्यालयी झाली. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी, असे अधिसूचनेतच म्हटले आहे. सुरजागडहून गडचिरोली शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. सुरक्षिततेचे कारण खरे मानले, तरी ज्याला बोलायचे आहे त्याचा दिवसाचा रोज, गाडीभाडे आणि परक्या भाषेतील कामकाज यांचा हिशेब मांडावाच लागतो.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. खाणीने आणि त्यावर आधारित पोलाद उद्योगाने जिल्ह्यात रोजगार आणला आहे आणि स्थानिक तरुणांपैकी अनेकांना तो हवा आहे. एकाच गावात, एकाच घरातही मते विभागलेली असतात. म्हणूनच तर प्रश्न उघडपणे ग्रामसभेत सुटायला हवा.

ग्रामसभेचे सामर्थ्य

ग्रामसभा हे पेलू शकते का, अशी शंका शहरी वाचकाला येणे स्वाभाविक आहे. याच गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. गावाने पुढे बांबूची विक्री स्वतः केली. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. त्यामुळे निर्णयाला वेळ लागतो, पण झालेला निर्णय टिकतो.

ओडिशातील नियमगिरी पर्वताचा दाखला याहून ठळक आहे. वेदांत समूहाच्या शुद्धीकरण कारखान्यासाठी तेथील बॉक्साइट काढायचे होते. डोंगरिया कोंध आदिवासी त्या पर्वताला नियमराजाचे स्थान मानतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला, की लोकांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांसह या प्रश्नाचा विचार ग्रामसभांनी करावा. जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत जुलै-ऑगस्टमध्ये १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ठिकाणी नकार आला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रकल्पाला मंजुरी नाकारली. नकाराला किंमत असणे म्हणजे काय, ते देशाने त्या वेळी पाहिले.

मात्र त्याच सुमारास कायद्याच्या भिंतीला झरोकेही पडत होते. फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून बव्हंशी सूट मिळाली. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, राज्याच्या माथी, असा क्रम करून ठेवला. क्रम बदलला की ‘पूर्व’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

उत्तर ध्रुवाजवळचे दोन धडे

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील मॅकेन्झी खोऱ्यातून वायुवाहिनी नेण्याचा प्रस्ताव १९७० च्या दशकात पुढे आला. सरकारने १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीसाठी नेमले. बर्जर यांनी लोकांना राजधानीत बोलावले नाही. ते स्वतः ३५ वस्त्यांमध्ये गेले आणि शिकारी, मच्छीमार, वृद्ध स्त्रिया यांची साक्ष त्यांच्या भाषेत ऐकली. कंपन्यांना जी सरहद्द वाटते, ती तेथील लोकांची मायभूमी आहे, हा भेद त्यांनी १९७७ च्या आपल्या अहवालाच्या शीर्षकातच मांडला. जमिनीच्या हक्कांचा निवाडा होईपर्यंत वाहिनी दहा वर्षे लांबणीवर टाकावी, ही त्यांची शिफारस होती. पुढे अनेक समूहांचे हक्क करारांनी मान्य झाले आणि त्यानंतर आलेल्या वायुप्रकल्पात याच खोऱ्यातील आदिवासी समूहांनी एक तृतीयांश भागीदारीची तयारी दाखवली. बाजारभावामुळे तो प्रकल्प २०१७ मध्ये बारगळला, ही गोष्ट वेगळी. आज ‘नाही’ म्हणणारे लोक हक्क सुरक्षित झाल्यावर ‘हो’ म्हणू शकतात, एवढे त्यातून दिसले.

दुसरा धडा नॉर्वेचा. फोसेन द्वीपकल्पावर सामी समाजाच्या रेनडियर चराईच्या प्रदेशात १५१ पवनचक्क्या उभारल्या गेल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, कारण त्यांनी सामींच्या सांस्कृतिक जीवनाचा हक्क डावलला होता. निकाल लागला, पण चक्क्या फिरतच राहिल्या. दीर्घ आंदोलनानंतर २०२३ अखेर आणि २०२४ मध्ये मेंढपाळ गटांशी भरपाई आणि पर्यायी चराईचे करार झाले. प्रकल्प हरित ऊर्जेचा असला, तरी संमतीची गरज संपत नाही. आणि आधी न विचारल्यास न्यायालयातील विजयही अर्धाच ठरतो.

मग सोलापूरचे काय?

महाराष्ट्रातील पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र १३ जिल्ह्यांत आहे. त्यांत सोलापूर नाही, म्हणून ‘पेसा’ येथे लागू नाही. वनहक्क कायद्याने भटक्या आणि पशुपालक समूहांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. पण तो वनजमिनीपुरता आणि या माळरानाच्या जिल्ह्यात वनजमीन थोडी.

उरतो २०१३ चा भूसंपादन कायदा. खासगी कंपनीसाठी संपादन असल्यास ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. सरकार आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या प्रकल्पांना ही अट नाही. होटगी-फताटेवाडी परिसरातील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉट औष्णिक प्रकल्पासारखा प्रकल्प उद्या नव्याने आला, तरी कायदा जमीनधारकाची संमती मागणार नाही. राष्ट्रीय महामार्गांचे संपादनही या अटीतून वगळलेले आहे आणि औद्योगिक वसाहतींसाठीची जमीन राज्याच्या १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने घेतली जाते.

जेथे ही अट लागू होते, तेथेही मोजणी होते ती ज्यांची जमीन वा अन्य स्थावर मालमत्ता जाते त्यांची आणि सरकारने जमीन दिलेल्यांची. कूळ, शेतमजूर, कारागीर हे पुनर्वसनासाठी ‘बाधित’ ठरतात, संमतीसाठी नाही. मग ज्याचे पाल गायरानावर आहे, ज्याच्या नावाने सातबाराच नाही, त्या पारध्याला किंवा मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला कोण विचारणार? सौर कृषी वाहिनी योजनेसाठी राज्यात गायरान जमिनी वापरल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे निकडीचे आहे. पण तेच गायरान कोणाची तरी चराई आणि कोणाचा तरी आसरा असते. फोसेनच्या मेंढपाळांचा हक्क न्यायालयाने मालकीच्या कागदावरून नव्हे, जीवनपद्धतीवरून ओळखला. आपला कायदा अजून कागदापाशीच थांबलेला आहे.

हे बदलण्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. गायरान देण्यापूर्वी तेथे राहणाऱ्या आणि जनावरे चारणाऱ्या कुटुंबांची यादी करणे, त्यांना ग्रामसभेत बोलावून त्यांचे म्हणणे ठरावात नोंदवणे आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न घेता वस्तीजवळ घेणे, एवढे प्रशासनाला आजही करता येते.

वाचकालाही काही करता येण्यासारखे आहे. ‘जनसुनावणी शांततेत पार पडली’ किंवा ‘ग्रामस्थांची संमती मिळाली’ अशी बातमी वाचनात आली, की तीन प्रश्न मनात यावेत. सुनावणी कोठे झाली? विचारले कोणाला, आणि यादीत कोण नव्हते? आणि त्यांनी ‘नाही’ म्हटले असते, तर काम थांबले असते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर जे घडले त्याला माहिती देणे म्हणावे, ऐकून घेणे म्हणावे. संमती म्हणू नये.