अंगी लागेल ते सत्त्व

दिवाळी सरते, थंडी अंगाला झोंबू लागते आणि खानदेशात भरिताचे दिवस येतात. जळगाव शहराला लागून असलेले असोदा आणि यावल तालुक्यातले बामणोद ही गावे भरिताच्या वांग्यासाठी ओळखली जातात. फिकट हिरव्या सालीचे, पांढरट रेघांचे हे मोठे वांगे. त्याला २०१६ साली जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ते काळेठिक्कर होईपर्यंत भाजतात, साल काढतात, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचतात. जोडीला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. आरोग्याची चर्चा निघाली की या ताटाविषयी हमखास शंका येते: इतक्या जाळात सत्त्व उरते तरी का? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. आपल्या भाषेत खाणे वेगळे आणि खाल्लेले अंगी लागणे वेगळे. स्वयंपाकाचा हिशेब मांडताना काय गेले तेवढेच मोजले, तर काय मोकळे झाले ते मोजायचे राहूनच जाते.

आधी गेल्याचा हिशेब करू. भाजी शिजवली की जीवनसत्त्वे ‘जळतात’ असे आपण सरसकट म्हणतो; प्रत्यक्षात पुष्कळदा ती जळत नाहीत, पाण्यात उतरतात आणि मोरीत जातात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालक पाण्यात उकळल्यावर त्यातले फोलेट सुमारे निम्म्यावर आले; तोच पालक वाफवला तेव्हा म्हणण्यासारखी घट झाली नाही. उष्णता दोन्हीकडे होती, फरक पाण्याचा होता. भरिताचे वांगे अख्खेच जाळावर जाते. त्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्या पाण्याच्या वाफेत गर शिजतो आणि साल झाकणाचे काम करते. बाहेरचे पाणीच नसल्याने पोटॅशियमसारखे क्षार ओतून देण्याचा प्रसंगच येत नाही. क जीवनसत्त्व वांग्यात मुळातच थोडे, त्यामुळे तिथे गमावण्याजोगेही थोडेच. वांग्याची खरी मिळकत क्लोरोजेनिक आम्ल. कापलेले वांगे काळे पडते ते याच आम्लावर हवा आणि वांग्यातले विकर मिळून काम करतात म्हणून. अख्खे भाजताना सुरी लागण्याआधीच ते विकर उष्णतेने निकामी होते.

यावर गंभीर आक्षेप येतो तो धुराचा. जळणाच्या धुरात बेंझोपायरिनसारखी संयुगे असतात आणि बेंझोपायरिन माणसात कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. मांस भाजताना चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि ही संयुगे वाढतात. वांग्यात चरबी नाही आणि काजळी बसते ती मुख्यतः सालीवर. म्हणून साल नीट निघणे महत्त्वाचे. चवीसाठी काळे तुकडे मुद्दाम राहू देण्याची पद्धत मला पटत नाही. शेतातल्या फवारणीचा अंशही जाळाने धुऊन निघतो असे समजू नये. आणि बंद स्वयंपाकघरात काड्या पेटवल्या तर तो धूर भाजणाऱ्या बाईच्या छातीत जातो. अंगणातला मोकळा जाळच बरा.

भाकरीकडे वळले की हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. भाकरीची सुरुवात घरोटावर होते; ‘घरोट’ म्हणजे जाते. १८८० साली याच असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी त्याच्यावर कविता रचली. दळणे ही धान्यावरची पहिली मोठी प्रक्रिया, आणि ज्वारीला तिची गरज इतर धान्यांहून अधिक. ज्वारीचे मुख्य प्रथिन काफिरिन. पाण्यात शिजताना त्याच्या रेणूंमध्ये गंधकाचे दुवे घट्ट होतात आणि पाचक रसांना ते फोडणे अवघड जाते. शिजवल्यावर पचनीयता घटावी हे बहुतेक धान्यांच्या उलटे आहे. पेरू देशातल्या लिमा शहरात लहान मुलांना अख्ख्या ज्वारीच्या पिठाची पेज दिली, तेव्हा तिच्यातली सरासरी ४६ टक्के प्रथिनेच पचल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी, कोंडा काढून यंत्रातून उष्णता आणि दाबाखाली काढलेल्या ज्वारीसाठी तोच आकडा ८१ टक्के आला. धान्य तेच, प्रक्रिया बदलली. म्हणून कोंडा फेकून द्यावा का? तसे केले तर लोह, ब गटातली जीवनसत्त्वे आणि चोथा यांचा मोठा वाटा त्याच्याबरोबर जातो. कळणा वेगळी वाट काढतो: ज्वारीत सालीसकट उडीद आणि मीठ घालून एकत्र दळायचे. ज्वारीत लायसीन कमी, ते उडदात भरपूर. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, ती ज्वारी पुरवते. कच्च्या उडदातली पचनाला अडवणारी द्रव्ये तव्यावरच्या उष्णतेत आणि फुगत्या भाकरीच्या वाफेत बरीच निकामी होतात. इथे आच सत्त्व मोकळे करते.

तरी कळण्याची एक बाजू लंगडी आहे. ज्वारी आणि उडदाच्या सालीतले फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवते, आणि ताज्या पिठाची भाकरी त्याला फुटायला फारसा वेळ देत नाही. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गोष्ट निराळी. ज्वारी ओलावून, सडून, कोंडा पाखडून ती काही दिवस आंबेपर्यंत भिजवतात, मग दळून लसूण-तीळ घालून शिजवतात आणि कापडावर उन्हात वाळवतात. आंबताना फायटिक आम्ल फुटते, पण कोंड्यातले लोह आधीच गेलेले असते. एकाच घरात दोन्ही पदार्थ असणे हे यावरचे मला दिसणारे उत्तम उत्तर आहे. उन्हाने जीवनसत्त्वे जातात हा आक्षेप पालेभाजीला लागू पडतो. उन्हात नासणारी जीवनसत्त्वे ज्वारीत मुळातच फारशी नसल्याने बिबड्यांना तितका नाही.

कळण्याची उणीव भरून काढायला ताटातच मदत आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवले की लसूण आणि कांदा सोबत असले की धान्य-कडधान्यांतले लोह आणि जस्त शोषणासाठी अधिक प्रमाणात मोकळे होतात. तो प्रयोग नळीत कृत्रिम पचन घडवून केलेला होता, जिवंत पोटात नव्हे. म्हणून आकड्यांपेक्षा दिशा लक्षात घ्यावी. क जीवनसत्त्व लोहाला मदत करते हे मात्र माणसांवरच तपासलेले आहे, आणि तेच उष्णतेत सर्वांत आधी खचते. भरितात घालायची कांद्याची पात सगळीच फोडणीत करपवली तर ही मदत वाया जाते. पातीतल्या कॅरोटीनला तेल हवे, पण त्याला चमचाभर पुरते. भरितावर तेलाचा तवंग तरंगण्याची गरज नाही. तेव्हा कांद्याची अर्धी पात त्या थोड्या तेलात परतावी आणि अर्धी, बारीक चिरून, भरीत ताटात पडल्यावर हिरवीच वरून घालावी. जोडीला लिंबाची फोड.