आपण चार बायका काय करणार?

मैत्रिणींनो, परवा बचत गटाच्या मीटिंगमध्ये हप्ते बाजूलाच राहिले. एकीच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला होता आणि जी ती घाबरलेली. मला मात्र धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८ रोजी याच अफवेपायी तिथं भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांचा जमावानं जीव घेतला होता.

"ताई, मेसेज खोटा असला तरी आपण चार बायका काय करणार हो?" एकीनं विचारलं. म्हणून मी त्यांना उषा मेहतांची गोष्ट सांगितली.

साल १९४२. 'चले जाव'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टला पहाटेच गांधीजींना आणि बड्या पुढाऱ्यांना पकडलं. वर्तमानपत्रांवर बंधनं, रेडिओ तर सरकारचाच. तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषानं शिक्षण सोडलं आणि मोजक्या सोबत्यांना घेऊन गुपचूप ट्रान्समीटर उभा केला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. भारतातून कुठून तरी बोलतोय, एवढंच सांगायचं. पोलीस मागावर, म्हणून बिऱ्हाड सारखं हलवायचं. (आपल्याला घरातलं एक कपाट हलवायचं तर जिवावर येतं!) डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मदतीला होते. सरकारी रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत.

आपल्या विदर्भात चिमूरला त्या ऑगस्टमध्ये बायकांवर जे अत्याचार झाले, ते छापायची वर्तमानपत्रांची हिंमत नव्हती. चिमूर-आष्टीची हकीकत या रेडिओनं लोकांना ऐकवली. केवढा आधार वाटला असेल त्या बायकांना, की आपलं दुःख कुणीतरी बोललं!

तीन महिनेही झाले नाहीत तोच तंत्रज्ञ फितूर झाला. १२ नोव्हेंबरला उषाताई पकडल्या गेल्या. महिनोन् महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ मध्ये सुटल्या. पुढं प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

गोष्ट संपली तशी आमच्यातली एक कॉलेजात शिकणारी सून पटकन म्हणाली, "पण काकू, पत्ता तर त्याही लपवत होत्या. अफवावालेही लपवतात. मग फरक काय?"

खरं सांगते, क्षणभर मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, अगं, चिमूरचं घडलेलं होतं. आणि पकडल्यावर त्यांनी त्याची शिक्षाही भोगली. या मेसेजखाली कुणाचं नाव आहे, दाखव बरं?

तिनं तिथूनच पोलीस ठाण्यात फोन लावला. अशी काही तक्रारच नव्हती. मग तिनं स्वतःचं नाव, गल्ली सांगून अर्ध्या मिनिटाचा निरोप रेकॉर्ड केला आणि आम्ही अकराजणींनी तो शाळेतल्या आयांच्या सगळ्या ग्रुपवर टाकला.

रात्री तिला एका बाईचा फोन आला. "वहिनी, तो मेसेज मीच पुढं पाठवला होता. आता कुणाकुणाला सांगू?"

दोघी मिळून यादी करत बसल्या.