वल्हे, विळा आणि काठी

जपानचे क्यूशू बेट आणि तैवान यांच्या दरम्यान समुद्रात बेटांची एक लांब माळ पसरलेली आहे. ओकिनावा हे त्या माळेतील सर्वांत मोठे बेट. १४२९ मध्ये येथे र्‍यूक्यू राज्य एकछत्री झाले आणि १८७९ मध्ये जपानने ते खालसा केले. हे बेट कराटेचे माहेर असल्याचे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु तिच्या शेजारीच वाढलेली 'कोबुदो' ही शस्त्रविद्या आपल्याकडे फारशी परिचित नाही. 'को' म्हणजे प्राचीन, 'बु' म्हणजे युद्धकला आणि 'दो' म्हणजे मार्ग.

या विद्येतील आयुधे पाहताच नवल वाटते ते त्यांच्या साधेपणाचे. तलवारीला येथे स्थान नाही. सुमारे सहा फुटांची काठी ती 'बो', शेतकऱ्याच्या विळ्यांची जोडी ती 'कामा'. 'तोन्फा' म्हणजे कोपरापर्यंत पोहोचणारा दांडा; त्याला एका टोकाजवळ आडवी मूठ असते. जात्याच्या खुंट्यापासून तो आला, असे सांगतात. चित्रपटांनी गाजविलेल्या नुंचाकूविषयी वेगळे लिहावयास नकोच. मला स्वतःला मात्र सर्वांत मोह पडतो तो 'एकू'चा. एकू म्हणजे कोळ्याचे वल्हे. त्याचे वजन पात्याकडे झुकलेले असल्यामुळे ते काठीसारखे फिरवून चालत नाही. त्सुकेन या चिमुकल्या बेटाचे नाव धारण करणाऱ्या वल्ह्याच्या पाठात साधक मध्येच पाते जमिनीलगत नेतो आणि झटकन वर उडवितो. ही असते किनाऱ्यावरील वाळू, प्रतिपक्ष्याच्या डोळ्यांत फेकलेली! आज शहरातील लाकडी तक्तपोशीवर वाळूचा कण नसतानाही ती हालचाल तशीच केली जाते.

राजाने, आणि १६०९ मध्ये बेटे जिंकणाऱ्या सात्सुमाच्या जपानी सरदारांनी प्रजेची शस्त्रे काढून घेतली. तेव्हा गांजलेल्या शेतकऱ्यांनी अवजारांनाच शस्त्रे बनविले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा मोठी मनोरम खरी, तथापि ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. काठीच्या एका प्रसिद्ध पाठाला साकुगावा या शुरी राजधानीतील मानकऱ्याचे नाव आहे, आणि 'साई' हे त्रिशूळासारखे लोखंडी आयुध तर राज्याचे शिपाईच बाळगीत. ही विद्या जोपासण्यात शेतकऱ्या-कोळ्यांइतकाच, किंबहुना अधिक, वाटा उमराव घराण्यांचा दिसतो.

साईला धार नसते. मधला दांडा बोथट, दोन्ही बाजूंचे आकडे वार अडकविण्यासाठी. काठीविरुद्ध साई असा जोडीचा सराव पाहिला, म्हणजे या मार्गाचे तत्त्वज्ञान उपदेशावाचून उमगते. लांब काठीपुढे आखूड साई घेऊन धावून जाणे म्हणजे डोके फोडून घेणे. साईधाऱ्याला वार येईपर्यंत थांबावेच लागते. पहिला वार आपला नसावा, ही कराटेतील गिचिन फुनाकोशी यांची शिकवण येथे शस्त्राच्या घडणीतच उतरली आहे. पाठ नमनाने सुरू होतो आणि नमनानेच संपतो.

या पाठांना 'काता' म्हणतात. ठराविक क्रमाने गुंफलेल्या हालचालींची ती मालिका गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात जाते. गुरू शिष्यावाचून गेला, की काताही गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी हा धोका ओळखून यबिकु मोदेन यांनी निरनिराळ्या जाणत्यांकडून पाठ मिळविण्यास प्रारंभ केला. त्यांचे शिष्य तायरा शिनकेन यांचा जन्म १८९७ मध्ये कुमे बेटावर झाला. त्यांनी गुरूचे हे कार्य आयुष्यभर पुढे चालविले. १९४५ च्या एप्रिल ते जून या काळात ओकिनावावर घनघोर युद्ध झाले. बेटावरील सुमारे एक चतुर्थांश रहिवासी त्यात मृत्यू पावले, शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला. अशा संहारात किती काता त्यांच्या जाणत्यांबरोबर लोपले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

तायरांनी चाळीसहून अधिक काता एकत्र आणले आणि १९६४ मध्ये या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मातायोशी शिनपो यांनीही आपल्या पित्याकडून आलेली वेगळी परंपरा नाहा शहरात शिकवीत राखली. तायरा १९७० मध्ये निवर्तले. नुंचाकू आणि मुठीत धरावयाचे 'तेक्को' यांसाठी त्यांनी स्वतः पाठ रचले होते. त्यांना त्यांनी आपले जन्माचे आडनाव दिले, माएझातो.