बाईच्या मनातली अर्धी वाक्यं

कथा-कादंबरी म्हटली की 'मग पुढं काय झालं?' हा आपला पहिला प्रश्न असतो. कीर्तनापासून तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र काही लेखकांनी हा प्रश्न जरा बाजूला ठेवला आणि दुसराच विचारला : हे सगळं घडत होतं तेव्हा त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं? नवसाहित्य, आधुनिकतावाद असे जड शब्द आपण ऐकतो, त्यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा साधा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न बाईबद्दल विचारला गेला, तेव्हा त्यातून फार मोठी उलथापालथ झाली. आज त्याबद्दल थोडं बोलू या.

आधी एक उदाहरण घेऊ, आपल्या गुहागरचंच. जुन्या धाटणीचा लेखक लिहील : 'दुपारी काकू चिपळूणला जायला निघाल्या. एसटी अर्धा तास उशिरा आली. त्यांना मागची जागा मिळाली.' झालं. काही चुकलं नाही, काही राहिलंही नाही असं वाटतं. आता हेच काकूंच्या मनातून बघा : 'अजून गाडी लागली नाही. खळ्यात सोलं पसरलीत, आभाळ आलं तर कोण उचलणार... ही पिशवी आईची. आईला एसटी लागायची, लिंबू धरून बसायची बिचारी. डॉक्टरांनी पुन्हा तपासायचं म्हटलं तर? घरी बँकेत काम आहे म्हणून सांगितलंय. खोटं कशाला बोलले मी? विचारणार तरी कोण होतं म्हणा... बांगड्यांचं कालवण झाकलं ना?'

दोन्हींत घटना एकच आहे. पहिल्या तुकड्यात आपल्याला एक गृहिणी दिसते. दुसऱ्यात एक माणूस दिसतं. दुखणं एकटीनं वागवणारं, आणि ते सोलांच्या नि कालवणाच्या आड लपवणारं. लेखकानं आपल्या तोंडानं काहीच सांगितलेलं नाही. वाक्यं अर्धी सोडली, काळ मागंपुढं केला, आणि महत्त्वाची गोष्ट बिनमहत्त्वाच्या गोष्टींच्या मध्ये ठेवली. मन असंच चालतं.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९०मध्ये मनाच्या या चालीला प्रवाहाची उपमा दिली. मराठीत आपण त्याला 'संज्ञाप्रवाह' म्हणतो. इंग्रजीत डोरोथी रिचर्डसन, जेम्स जॉइस, व्हर्जिनिया वुल्फ यांनी कादंबरीत हे तंत्र आणलं. वुल्फबाईंची 'मिसेस डॅलोवे' १९२५ची. एक मध्यमवयीन बाई, जून महिन्यातला एक दिवस आणि संध्याकाळी घरी मेजवानी, एवढंच वरचं कथानक. पण त्या एका दिवसात तिचं तरुणपण, नाकारलेला माणूस, म्हातारपणाचं आणि मरणाचं भय, सगळं येऊन जातं. मेजवानीची तयारी करणाऱ्या बाईवर अख्खी कादंबरी उभी राहू शकते, हे तेव्हा नवं होतं.

मराठीत हे तंत्र जाणीवपूर्वक आणलं ते बा. सी. मर्ढेकरांनी. त्यांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी १९४२ची. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. मनातल्या बोलण्याकडे कान लावणारा हा लेखक पोटासाठी आवाजाच्याच खात्यात होता, याची मला नेहमी गंमत वाटते.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. आपल्याकडे तंत्र १९४२मध्ये आलं. बाईच्या मनातलं बोलणं त्याच्या आधीच कागदावर उतरलं होतं. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्यात होतं. पाठोपाठ १९३४मध्ये 'हिंदोळ्यावर' आली. तिच्यातली नवऱ्यापासून दुरावलेली बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर लग्नावाचून राहते. तेव्हाच्या हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोटच नव्हता, हे ध्यानात घ्या. मुंबई प्रांतात तो १९४७मध्ये मिळाला आणि देशभर १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं. कायद्याला जे सुचायला तेरा वर्षं लागायची होती, ते कादंबरीतल्या बाईच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. गदारोळ झाला, आणि 'ही विभावरी कोण?' याचा शोध सुरू झाला. ते टोपणनाव होतं. त्यामागं मालतीबाई बेडेकर होत्या. नायिकेला मोकळं बोलता यावं म्हणून लेखिकेला नाव झाकावं लागलं!

मालतीबाई शिकल्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेत आणि पुढं त्यांनी तिथं शिकवलंही. इथं आपला कोकण येतो. धोपाव्याहून दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका, आणि त्यातलं मुरूड हे कर्व्यांचं गाव. देवरुखकडच्या गोदूबाई या विधवेशी त्यांनी १८९३मध्ये लग्न केलं, म्हणून याच मुरूडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्याच गोदूबाई म्हणजे बाया कर्वे. त्यांचं 'माझे पुराण' १९४४मध्ये प्रसिद्ध झालं. आणि बायांची नात म्हणजे गौरी देशपांडे. त्यांचं 'एकेक पान गळावया' १९८०मध्ये आलं.

ही साखळी मला फार महत्त्वाची वाटते. आजीच्या पिढीचा झगडा उघड होता : केस, कुंकू, शाळा, लग्न. समोर कोण उभं आहे ते दिसत होतं. मालतीबाईंच्या नायिका शिकल्या, कमावू लागल्या. पण त्यांना कुठं बसवायचं हे घराला कळेना. गौरीबाईंच्या नायिका शिकतात, प्रवास करतात, जोडीदार निवडतात, सोडतातही. आता दार अडवून कुणी उभं नाही. तरी पाय अडखळतो, कारण उंबरठा मनात आहे. तो बाहेरून दिसत नाही. तो दाखवायचा तर पत्रं, स्वगतं, अर्धी वाक्यं लागतात. 'कारावासातून पत्रे' या त्यांच्या दीर्घकथेचं नावच पाहा. कमल देसाईंनी तर १९७५च्या पुस्तकाला नाव दिलं 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई'. कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही, हॅट घालणारी!

'हे सगळं शहरी, विलायती आहे, आमच्याकडे बायांना एवढा वेळ कुठं?' असा आक्षेप मी वाचनालयात अनेकदा ऐकला आहे. मला तो पटत नाही. जात्यावरची ओवी म्हणजे दुसरं काय होतं? माहेर, सासू, भाऊ, पंढरी, मनात येईल तसं ओळीला ओळ जोडत जाणं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. फरक एवढाच, की जात्यावर समोर दुसरी बाई बसलेली असे. गिरणी आली, दळण्याचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्या कष्टांबरोबर ती ऐकणारीही उठून गेली. बोलणं मात्र थांबलं नाही, ते आत गेलं. कादंबरी वाचणारी बाई एका परीनं त्या समोर बसलेल्या बाईची जागा घेते.

वुल्फबाईंनी १९२९मध्ये लिहिलं, की लिहायचं तर बाईला स्वतःची खोली आणि स्वतःचे पैसे हवेत. आपल्या जुन्या घरांत ओटी, पडवी, माजघर, देवघर सगळं असे. बाईच्या नावाची खोली एकच, बाळंतिणीची! आता घरं बदलली. बचतगटाची पासबुकं बायांच्या हाती आली. २०११पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. भूमिका बदलल्या, हे खरंच आहे. पण ग्रामसभेत खुर्चीवर बसलेल्या बाईच्या मनात त्या क्षणी काय चाललं आहे, हे इतिवृत्तात लिहिलेलं नसतं. ती ठरावाचा विचार करते आहे, की घरी गेल्यावर ऐकावं लागणाऱ्या टोमण्यांचा, की दोन्हींचा एकदम?

ते लिहायचं काम कथा-कादंबरीचं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की अशी पुस्तकं 'कळत नाहीत' म्हणून परत करू नका. 'पुढं काय झालं' हा प्रश्न थोडा वेळ दूर ठेवून, पहिली वीस पानं सावकाश, जमल्यास मोठ्यानं वाचा. आणि पुरुषांनी तर जरूर वाचा. घरातली बाई 'काही नाही' म्हणते, तेव्हा त्या दोन शब्दांच्या मागं कितीतरी अर्धी वाक्यं उभी असतात. ती ऐकायची सवय पुस्तकापासून लागली, तरी पुष्कळ झालं.