कुठली खोली, किती वाजता, कुणाबरोबर?

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना बघायला नेलेल्या मुलाला दारूच्या काउंटरपासून पूर्ण लांब ठेवायचं म्हटलं, तर त्याला मध्यंतरात लघवीलाही जाऊ देता येणार नाही. इथल्या बहुतेक स्टेडियमची बांधणीच तशी आहे. खुर्च्यांच्या रांगा वर चढत जातात आणि त्या स्टँडच्या पोटात एक लांबलचक, बुटक्या छताची मार्गिका असते. तिला कॉन्कोर्स म्हणतात. स्वच्छतागृहं तिथंच, मीट पाय आणि चिप्सचे गाळे तिथंच आणि बिअरचे नळही तिथंच. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात हजारो माणसं या एका बोळात उतरतात.

मी मिडलंड्समधल्या एका नगरपालिकेच्या परवाना विभागात काम करते. दारूविक्रीच्या परवान्यासाठी येणाऱ्या अर्जाला जागेचा नकाशा जोडलेला असतो. काउंटर कुठं, जिना कुठं, बाहेर पडायचे दरवाजे किती, हे त्यावरून तपासायचं. शनिवारी मात्र मी आई असते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि आमच्या गावच्या क्लबसाठी तो जीव टाकतो. त्यामुळे स्टेडियममधल्या बारमध्ये मुलांना येऊ द्यावं की नाही, हा वाद मला आठवडाभर कागदावर भेटतो आणि शनिवारी गर्दीत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. मुलांना येऊ द्यावं, पण कुठल्या खोलीत, किती वाजेपर्यंत आणि कुणाबरोबर, हे आधी ठरवून.

आजची परिस्थिती समजून घ्यायला १९८५ सालात जावं लागतं. त्या वर्षी २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपचा अंतिम सामना होता. सामन्याआधी लिव्हरपूलचे समर्थक युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. इंग्लिश फुटबॉलमधल्या हुल्लडबाजीवर सरकार आधीच चिडलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात इंग्लंड आणि वेल्ससाठी खेळांच्या सामन्यांतल्या मद्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यात जिथून मैदान दिसतं, अशा जागी हातात दारू धरणं हा त्यानं गुन्हा ठरवला. सामन्याच्या दोन तास आधीपासून सामना संपल्यावर एक तासापर्यंत ही बंदी असते. दारू पिऊन तर्र अवस्थेत स्टेडियमात शिरणं हाही गुन्हा. समर्थकांना नेणाऱ्या खास बस आणि रेल्वेगाड्यांतही दारू बंद झाली. रग्बी आणि क्रिकेटला यातलं काही लागू नाही. तिथं माणूस बिअरचा ग्लास मांडीवर ठेवून निवांत खेळ बघतो.

भांडणं थांबवावीत म्हणून हा कायदा आला, पण मुलांच्या बाजूनं त्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मैदान दिसतं तिथं प्यायचं नाही, म्हणून सगळं पिणं मैदान न दिसणाऱ्या जागी, म्हणजे कॉन्कोर्सात उतरलं. खुर्चीवर बसून दीड तासात सावकाश संपला असता तो पाइंट आता मध्यंतराच्या काही मिनिटांत घशाखाली ओतला जातो, तोही मुलांच्या रांगेला खेटून. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०२१च्या अहवालात याच घाईवर बोट ठेवलं. खालच्या श्रेणीतल्या काही क्लबांत खुर्चीवर बसून पिण्याचा प्रयोग करून पाहावा, अशी शिफारस त्यांनी केली होती.

या कायद्यानं महागड्या खासगी बॉक्सलाही गाठलं आहे. तिथं बंदी जरा सैल, सामन्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंतच. पण तेवढ्या वेळात काचेतून मैदान दिसत असेल तर पिता येत नाही. म्हणून मध्यंतरात पडदे ओढून घेतात आणि मग बाटल्या उघडतात. पडद्याआड आईबापांबरोबर मुलंही सोफ्यावर बसलेली असतात. तिथं कुणाला काळजी वाटत नाही, कारण बसायला जागा आहे, पुढ्यात जेवण आहे आणि धक्काबुक्की नाही. मला वाटतं या वादाचं अर्धं उत्तर त्या बॉक्समध्येच आहे. दारू तीच आणि मुलंही त्याच वयाची, पण खोली वेगळी असल्यानं सगळा प्रसंग वेगळा होतो.

कॉन्कोर्समधला प्रसंग कसा असतो तेही सांगते. माझ्या मुलाचं कपाळ आणि मोठ्या माणसाच्या हातातला प्लास्टिकचा पेला एकाच उंचीवर येतात. काच चालत नाही म्हणून पेला प्लास्टिकचा, आणि तो धरताना जरा दाबला तरी बिअर काठावरून सांडते. बहुतेक माणसं चांगली असतात. पोरगं दिसलं की पेला डोक्याच्या वर उचलतात, "सांभाळून हं बाळा" म्हणतात, रांगेत पुढं जाऊ देतात. पण मध्यंतराच्या तोंडावर गोल झालेला असला की खाली गाणी सुरू होतात, कुणीतरी भरलेला पेला छताकडे भिरकावतो आणि त्याचं बघून बाकीचे. मग पोराच्या केसांना घरी जाईपर्यंत आंबूस वास येत राहतो. पाहुण्या संघाच्या बाजूला हे जास्त चालतं. गर्दी सांभाळणारे, फ्लुरोसंट जाकिटातले स्टुअर्ड भिंतीला पाठ लावून उभे असतात, कारण आत शिरायला जागाच नसते.

याउलट समर्थकांच्या क्लबचा बार. तो स्टेडियमला लागूनच, बुटांना चिकटणारा गालिचा आणि भिंतीवर जुन्या संघांचे फोटो असलेला. शनिवारचा सामना तीनचा, आम्ही एकच्या सुमारास जातो. तिथं एक आजोबा ठरलेल्या टेबलाशी बसलेले असतात. अर्धा पाइंट त्यांना पाऊण तास पुरतो. टेबलावरचे बिअर मॅट, म्हणजे पेल्याखाली ठेवायचे पुठ्ठ्याचे चौकोन, ते मुलासमोर मांडतात. चार मागं, चार मधे, दोन पुढं. मग एक चौकोन सरकवून विचारतात, "हा पुढं गेला तर याची जागा कोण भरणार?" मुलगा विचार करतो, दुसरा चौकोन सरकवतो. फुटबॉल वाचायला तो या टेबलावर शिकला. मुलांना बारबंदी केली तर हे टेबल त्याच्यासाठी बंद होईल. शिवाय मुलाला दार बंद म्हणजे त्याच्याबरोबर आलेल्या आईलाही बंद. मग ती खोली पुन्हा फक्त पुरुषांची होईल. इंग्लिश फुटबॉलनं अशा खोल्यांची किंमत पूर्वी मोजलेली आहे.

कायदा मुलांबद्दल काय म्हणतो? या देशात एकेकाळी पोरांना भांडं देऊन पबमधून बापासाठी बिअर आणायला पाठवत. १९०१च्या कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलाच्या हाती फक्त बूच लावून सील केलेली बाटली द्यावी असा नियम केला. १९०८ साली त्या वयाच्या मुलांना पबच्या बारमध्ये यायलाच मनाई झाली. आज लागू आहे तो २००३चा परवाना कायदा. जी जागा फक्त किंवा मुख्यतः दारू पिण्यासाठीच आहे, तिथं १६ वर्षांखालचं मूल १८ वर्षांवरच्या माणसाशिवाय येऊ देता येत नाही. सोबत कुणी मोठं असेल, तर कायद्याची आडकाठी नाही. क्लब किंवा परवान्यातल्या अटी याहून कडक असू शकतात. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू विकणं गुन्हा आहे, म्हणून पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची रीत पडली आहे.

एक जुना नियम फार थोड्या पालकांना माहीत असतो. सात वर्षांखालचं मूल ताब्यात असताना सार्वजनिक जागी दारूच्या नशेत असणं, हा १९०२च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तो आजही कायद्यात आहे. मला तो नियम आवडतो, कारण तो मुलाला बाहेर काढत नाही, मोठ्या माणसाला जबाबदार धरतो.

मुलांना बारमध्ये नकोच म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. १५ वर्षांपर्यंतचं बालपण दारूविना जाणंच आरोग्याला सर्वांत चांगलं, असा सल्ला इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००९ साली दिला. आईबाप फार पीत नसले तरी त्यांचं पिणं मुलांच्या लक्षात येतं आणि ती अस्वस्थ होतात, हे इन्स्टिट्यूट ऑफ अल्कोहोल स्टडीज या संस्थेनं २०१७च्या अहवालात मांडलं. पण मग बारच्या दाराशी थांबून चालणार नाही. फुटबॉलनं मुलांच्या डोळ्यांसमोर दारू कायम ठेवलेली आहे. इथल्या लीग कपचंच बघा. १९८२ ते १९८६ या काळात त्याचं नाव मिल्क कप होतं, कारण पैसे दूध व्यवसायाच्या मंडळाचे होते. १९९८पासून ते वर्थिंग्टन या बिअरचं झालं, २००३पासून कार्लिंग बिअरचं, आणि २०१७पासून ते एका एनर्जी ड्रिंकचं आहे. लिव्हरपूलच्या छातीवर १९९२पासून २०१०पर्यंत कार्ल्सबर्ग हेच नाव होतं. ती जर्सी घालून किती पिढ्या शाळेच्या मैदानावर खेळल्या असतील!

आणि भांडणाचं मूळ दारूतच असतं असंही नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठा ओस पडत. तिथं मिळायचा चहा, भडंग आणि शेंगदाणे. तरीही पेठापेठांच्या ईर्षेपायी हुल्लडबाजी व्हायची. गर्दी कुठं कोंडली, तिला बाहेर पडायला वाट किती आणि तिच्यावर लक्ष कुणाचं, हे प्रश्न दारूइतकेच महत्त्वाचे आहेत.

हुल्लड आणि बंदी, ही दोन्ही टोकं स्कॉटलंडनं पाहिली आहेत. १० मे १९८० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या अंतिम सामन्यानंतर समर्थक मैदानात उतरून भिडले. त्याच वर्षी झालेल्या कायद्यानं तिथल्या स्टेडियममध्ये दारू बंद केली आणि सामान्य प्रेक्षकासाठी ती बंदच राहिली. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं स्कॉटलंडची दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. तिथल्या २००५च्या परवाना कायद्यानुसार बार असो की हॉटेल, मालकाला अर्जातच लिहून द्यावं लागतं, की मुलं येणार का, कोणत्या वयाची, किती वाजेपर्यंत, कोणत्या अटीवर आणि जागेच्या कोणत्या भागात. मुलांबद्दलचा निर्णय दारावरच्या माणसाच्या मर्जीवर राहत नाही, तो कागदावर येतो.

इंग्लंडच्या प्रत्येक स्टेडियमला मी हेच प्रश्न विचारीन, आणि माझी उत्तरंही तयार आहेत. सामन्याआधी समर्थकांच्या बारमध्ये मुलं यावीत, बरोबर मोठं माणूस असावं, बसायला टेबल आणि पानात जेवण असावं. सामना सुरू व्हायच्या तासभर आधी मुलांनी तिथून निघावं, कारण त्यानंतर पिण्याचा वेग वाढतो. कुटुंबांच्या स्टँडखाली बिअरचा नळ नसावा. काही क्लबांनी तसं केलेलं आहे आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. जिथं नळ आहे तिथं स्वच्छतागृहाची वाट त्याच्या रांगेतून जाऊ नये. पाहुण्या समर्थकांच्या कॉन्कोर्सात आणि सामन्यानंतरच्या बारमध्ये लहान मुलं नकोत. आणि मुलाबरोबर आलेल्या मोठ्यांपैकी एकानं तरी त्या दिवशी दारूला हात लावू नये. आमच्या घरी ती पाळी मी आणि नवरा आळीपाळीनं घेतो.

महिलांच्या फुटबॉलला १९८५चा कायदा लागू नाही, तिथं मुलांची संख्याही मोठी असते. २०२५ साली काही महिला संघांच्या सामन्यांत खुर्चीवर बसून पिऊ देण्याचा प्रयोग झाला. जर्मनीत तर हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. लोक स्टँडमध्येच बिअर पितात आणि गेल्सनकिर्शेनच्या स्टेडियममध्ये ती पाच किलोमीटरच्या पाइपांतून खेळवली आहे. पुरुषांच्या सामन्यांतही असा बदल झाला, तर कॉन्कोर्समधली चेंगराचेंगरी कमी होईल, पण दारू थेट मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर येईल. म्हणून तो बदल करायचाच तर कुटुंबांचा स्टँड त्यातून आधी वगळावा.

नोकरीनिमित्त इथं आलेली मराठी कुटुंबं हौसेनं पोरांना सामन्याला नेतात. त्यांना माझं सांगणं आहे की तिकीट काढतानाच कुटुंबांचा स्टँड मागा, खालचे नळ कुठं आहेत ते विचारा, आणि मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी मुलाला स्वच्छतागृहाला नेऊन आणा. क्लबला पत्रही लिहा. नव्या परवान्याचा किंवा त्यातल्या बदलाचा अर्ज आला की नागरिकांना म्हणणं मांडता येतं, आणि बालकांचं रक्षण हा परवाना कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी एक आहे. माझ्या टेबलावर क्लबांचे वकील येतात, पोलिसांचे अहवाल येतात. आईबापांची पत्रं फार कमी येतात. ती आली, तर नकाशावरची बिअरच्या नळाची जागा बदलायला लावण्याचा अधिकार आमच्या समितीला आहे.