अश्लील कुणाच्या नजरेने?

१९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब त्यांच्या बाजूने लढले. खटला हरले. त्या काळची कसोटी १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्याची होती: सहज बिघडू शकणाऱ्या मनावर लिखाणाचा काय परिणाम होईल? म्हणजे सगळ्यांत कच्चा वाचक धरायचा!

२०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी सोडली. आता आजच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाच्या नजरेने, संदर्भासकट अख्खं लिखाण पाहतात. असभ्य म्हणजे अश्लील नव्हे, हे तर १९८५ च्या समरेश बोस निकालातच आलंय. वस्तीची भाषा लिहिणाऱ्या मित्रांनो, हा निकाल जवळ ठेवा.

मात्र 'गांधी मला भेटला' या कवितेवरच्या २०१५ च्या निकालाने महापुरुषांच्या तोंडी अशी भाषा घालणाऱ्यांसाठी मोजमाप कडक केलंय.